पाय सगळ्यांना दिसत होता: कॅन्सरच्या उपचारांनंतरच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

सुजय हे खरं नाव नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उपचार, तपासण्या आणि निर्णयांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. आमचा गट छोटा आहे: एक फिजिओथेरपिस्ट, एक समुपदेशक आणि मी, वैद्यकीय समाजसेविका. कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या तरुण मुलामुलींसोबत आम्ही काम करतो.

पार्श्वभूमी

सुजय कळव्याचा. वडील रिक्षा चालवतात, आई घरून पोळीभाजीचे डबे देते, धाकटी बहीण कॉलेजात. त्याचं मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर कबड्डी. डावा कोपरा सांभाळायचा. २०२१च्या हिवाळ्यात डावा गुडघा दुखू लागला, तेव्हा ‘पकडीत मुरगळला असेल’ असंच सगळे म्हणाले. मालिश झाली, मलम झालं, नीकॅप झाली. रात्री झोपेतून उठवणारी दुखणी सुरू झाली तरी चौथ्या सत्राची परीक्षा होईपर्यंत एक्स-रे काढला गेला नाही.

निदान ऑस्टिओसार्कोमा. हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा वाढीच्या वयातच होतो आणि त्याची आवडती जागा म्हणजे गुडघ्याच्या आसपासचं हाड. खेळणाऱ्या मुलाचा गुडघा दुखला तर कोणाच्याही मनात आधी खेळच येतो, त्यामुळे असा उशीर आम्ही अनेकदा पाहिला आहे. सुजयला तेव्हा अठरा पूर्ण होऊन एकोणिसावं लागलं होतं, म्हणजे संमतीपत्रावर सही त्याची. बाकी सगळं बोलणं डॉक्टर आणि वडील यांच्यात.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम झाला. पाय वाचला. मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि गुडघ्याचा सांधा काढून तिथे धातूचा मोठा कृत्रिम सांधा बसवला. औषधं तीन मुख्य: सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, इफॉस्फमाइड. मार्च २०२३मध्ये शेवटची सलाइन उतरली.

घरी येताना मिळालेल्या सूचना बरोबर आणि स्पष्ट होत्या. दर तीन महिन्यांनी तपासणी, कारण हा आजार परतला तर बहुधा फुप्फुसात परततो. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाची इको. धावायचं नाही, उडी मारायची नाही. ताप आला, त्वचेला जखम झाली किंवा दाढ सुजली तरी अंगावर काढायचं नाही, कारण जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. पुढे काय शिकायचं, काय काम करायचं, घरात कसं वावरायचं, हे त्या कागदावर नव्हतं. ठाणे-नवी मुंबईच्या मुलांचे उपचार बहुधा परळला किंवा खारघरला होतात. पुनर्वसन मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर व्हायचं असतं.

अडचण

२०२४च्या सुरुवातीला सुजयला आमच्याकडे त्याची आई घेऊन आली. तिचं वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं: ‘मॅडम, कॅन्सर गेला, पण पोरगा काही परत आला नाही.’

तोवर एक नोकरी होऊन गेली होती. पाय असा, तर बसून करायचं काम बघायचं, असं घरच्यांचं, नातेवाइकांचं आणि त्याचं स्वतःचंही ठरलं होतं. ऐरोलीत बीपीओची कार्यालयं भरपूर आहेत. समोरासमोरची मुलाखत छान झाली, नोकरी मिळाली. कळवा ते ऐरोली, विटाव्यावरून शेअर रिक्षाने जाणं जमत होतं. दीड-दोन महिन्यांत ती सुटली. वरिष्ठांनी शेरा मारला होता: लक्ष नाही, ग्राहकाला तेच तेच विचारतो, आकडे चुकीचे टाकतो. घरी सुजयने एवढंच सांगितलं की ‘जमत नाही’.

त्यानंतर त्याने घराबाहेर पडणं जवळजवळ बंद केलं. मित्र आले की आतल्या खोलीत. जेवायला सगळे खाली बसायचे, हा पलंगावर ताट घेऊन. कृत्रिम सांध्याने मांडी घालता येत नाही, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. फिजिओथेरपीही सुटली होती. गुडघा कसाबसा ७० अंश वाकत होता आणि मांडीचा स्नायू इतका अशक्त की पाय स्वतःहून पूर्ण सरळ होत नव्हता. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे त्याला माहीत होतं. पण एकदा त्या डब्यात कोणीतरी ‘चांगला धडधाकट दिसतोस की’ म्हणालं, तेव्हापासून तो त्यात चढला नाही.

फॅमिली डॉक्टरांनी नैराश्य म्हणून झोपेची गोळी दिली होती. आमच्या समुपदेशकाने प्रश्नावली भरून घेतली, तिचा निकालही मध्यम नैराश्याकडे झुकणारा आला. सत्रं सुरू झाली. सुजय नम्रपणे बसायचा, मान डोलवायचा, ‘हो’, ‘बरोबर’ म्हणायचा आणि पुढच्या वेळी ठरलेलं काहीही न करता यायचा. ‘प्रतिसाद वरवरचा, मन मोकळं करत नाही’ अशी नोंद फाइलमध्ये आहे.

इथे थोडं थांबावं लागेल. तरुण मुलगा, कॅन्सर, खेळ सुटलेला, नोकरी गेलेली: मन खचलंय हा निष्कर्ष इतका सहज जुळतो की त्यापलीकडे पाहायची कोणाला गरज वाटत नाही. तो खोटाही नव्हता. सुजय खचलेला होताच. पण खचण्याचं कारण सगळे भूतकाळात शोधत होते आणि ते रोज, चालू वर्तमानात घडत होतं.

उलगडा

धागा मिळाला तो मैदानावर. मंडळाच्या प्रशिक्षकांनी, ज्यांना तो सर म्हणतो, त्याला एका स्थानिक स्पर्धेत गुणलेखनाला बसवलं. मुलगा निदान मैदानावर तरी येईल, हा त्यांचा साधा हेतू. फिजिओथेरपिस्ट त्यांना व्यायामाबद्दल विचारायला गेली तेव्हा सर सहज बोलून गेले: ‘याला शिट्टीच ऐकू जात नाही हो. पंचांनी हात वर केला की मग लिहितो.’

मग आईला नेमकं विचारलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर म्हणून सांगितलं होतं, डाळ करपली. मोबाइलवर मेसेज आल्याचा आवाज याला कळत नाही. बहिणीचं बोलणं समजत नाही, वडिलांचं समजतं. ही प्रत्येक गोष्ट घरात ‘लक्ष नसतं त्याचं’ या एका वाक्यात जमा झाली होती. सुजयला थेट विचारल्यावर तो म्हणाला, ‘ताई, ऐकू येतं, पण शब्द पुसल्यासारखे येतात. आणि आतून सारखा सूं आवाज असतो. तो केमोनंतर सगळ्यांनाच होतो ना?’

सिस्प्लॅटिनने कानाच्या आतल्या बारीक संवेदनपेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या, बहुधा दोन्ही कानांच्या. त्यामुळे माणूस बहिरा वाटत नाही. हाक मारली की वळून बघतो, टीव्ही ऐकतो. पण स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांचा आवाज त्याच उंच पट्टीत असतो. ‘साठ’मधला स गळाला की ‘आठ’ उरतो. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, आजूबाजूला पन्नास जण बोलत असतात, आणि काम आकडे टिपून घेण्याचं. बीपीओतल्या त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता. आमच्या सत्रांत खिडकी रस्त्याच्या बाजूला, डोक्यावर पंखा आणि समुपदेशकाच्या तोंडावर मास्क. ‘हो’ म्हणत राहणं हा सुजयचा मार्ग होता.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणी झाली. २,००० हर्ट्झच्या पट्टीपर्यंत आलेखाची रेष जवळजवळ ठीक, त्याहून उंच आवाजांना घसरगुंडी: ४,०००ला ६० डेसिबलची हानी, ८,०००ला ८०. केमोथेरपीपूर्वीचा आलेख घरातल्या जाड प्लास्टिकच्या फाइलमध्ये होता आणि तो अगदी स्वच्छ होता. दोन कागद शेजारी ठेवल्यावर वाद उरला नाही. वडील बराच वेळ ते कागद बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे हा मुद्दाम करत नव्हता.’

समोरचे पर्याय

पुढे काय, यावर घरी एक लांबलचक बैठक झाली. सुजय समोर, भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांचे चेहरे दिसतील असा बसलेला. टीव्ही आणि पंखा बंद. एवढ्या साध्या बदलाने तो त्या दिवशी इतरांइतकंच बोलला.

वडिलांचं मत होतं सरकारी नोकरीचं. दिव्यांग प्रमाणपत्र काढू, स्पर्धा परीक्षेची तयारी करू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. शिवाय त्या कायद्याचा एक पेच इथे आडवा आला. ‘ऐकण्यास कठीण’ या वर्गात बसायला दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलची हानी लागते. सुजयची हानी नेमकी त्या पट्टीच्या वरच्या टोकाला, त्यामुळे सरासरी काढली की कागदावर त्याचे कान जवळपास निरोगी. ज्या कानांनी नोकरी घालवली त्यांची नोंद कुठेच होणार नव्हती. प्रमाणपत्र मिळालंच तर पायाचं.

आईला प्रमाणपत्रच नको होतं. ‘एकदा नावावर लागलं की पुसलं जात नाही, उद्या लग्नाचं बघताना?’ ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. जमवलेल्या लग्नांच्या समाजात तिला आधार आहे. आम्ही एवढंच म्हटलं की प्रमाणपत्र खिशात ठेवायचा कागद आहे, दाखवायचा की नाही ते सुजय ठरवेल.

दुसरा पर्याय मामांचा: चौकात मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान टाकून देऊ. यात प्रेम होतं, पण दुकानदाराला दिवसभर गर्दीत, रस्त्याच्या आवाजात ऐकावंच लागतं. तिसरा, पुन्हा बीपीओ, या वेळी चॅटवरचं काम. हा वाईट नव्हता.

चौथा पर्याय सुजयने स्वतः, शेवटी काढला: डिप्लोमा पूर्ण करायचा. कोणाच्याच डोक्यात तो नव्हता, कारण मेकॅनिकल म्हणजे कारखान्यात उभं राहणं, हे समीकरण पक्कं बसलेलं. त्याला ड्रॉइंग आवडायचं. कॅडवर, म्हणजे संगणकावर, आराखडे काढणं हे बसून करायचं, डोळ्यांचं, शांत काम. घाई होती ती वेगळ्याच कारणाने. तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम ‘आय स्कीम’कडून ‘के स्कीम’कडे सरकत होता. त्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला बसला नसता तर जुने विषय नव्यांशी जुळवण्याची भानगड मागे लागली असती.

काय केलं

आमच्यात मतभेद झाला तो क्रमावरून. समुपदेशकाचं म्हणणं, कॉलेज लगेच सुरू होऊ दे, माणसांत गेला की मन सुधारेल. माझं म्हणणं, श्रवणयंत्राशिवाय वर्गात पाठवलं तर बीपीओचीच पुनरावृत्ती होईल, आणि दुसऱ्यांदा ‘जमत नाही’ म्हणाला तर तिसऱ्यांदा तो प्रयत्न करणार नाही. जूनपर्यंत हाताशी असलेले महिने कानांना आणि पायाला द्यायचे, असं शेवटी ठरलं.

दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांचा खर्च ५०,००० रुपयांच्या आसपास होता. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर मिळणारी मदत वर सांगितलेल्या कारणाने मिळणार नव्हती. मंडळाने वर्गणी काढली, एका स्थानिक ट्रस्टने भर घातली, उरलेले घरच्यांनी. यंत्रं आली म्हणजे काम झालं असं नसतं. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज, कागदाचा चुरचुराट, रिक्षाचा हॉर्न सगळं अंगावर येतं आणि बरीच मुलं तिथेच यंत्र डबीत ठेवून देतात. सुजयला आधी रोज घरातच थोडा वेळ, मग जिन्यात, मग तलावपाळीवर फिरताना, असं वाढवायला सांगितलं. ऑडिओलॉजिस्टकडे फेऱ्या करून यंत्रांचं ट्यूनिंग बदलून घेतलं. राहिलेले कान जपायचे म्हणून दोन गोष्टी बजावल्या: दहीहंडी-गणपतीच्या डीजेपासून लांब, आणि कोणताही डॉक्टर जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं इंजेक्शन देऊ लागला तर सिस्प्लॅटिन झाल्याचं आधी सांगायचं.

फिजिओथेरपी घरीच आखली, कारण रुग्णालयापर्यंतचा प्रवास हेच ती सुटण्याचं कारण होतं. मांडीच्या स्नायूसाठी टॉवेलची गुंडाळी दाबणं, पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ करणं, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी. व्यायाम झाला की नाही हे बघायचं काम आईकडून काढून घेतलं आणि सरांकडे दिलं. खेळाडूला आई ओरडलेली चालते, प्रशिक्षक गप्प बसलेला चालत नाही.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला. तपासणी मंडळाने पायाचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर धरलं. त्यामुळे लेखी परीक्षेत जादा वेळ मिळू शकत होता. सुजयने तो घेतला नाही. हात ठीक आहेत, म्हणाला. कॉलेजकडे मात्र लेखी विनंती केली: वर्ग तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर, पुढच्या बाकाची जागा, आणि वर्कशॉपमध्ये उभं राहण्याऐवजी स्टूल. तिन्ही गोष्टी झाल्या, पहिलीला थोडे खेटे घालावे लागले.

२०२५च्या उन्हाळी परीक्षेत तो पास झाला. मग मुलाखती, आणि पुढचा अवघड निर्णय: सांगायचं किती? पहिल्या मुलाखतीत दोन वर्षांच्या खंडाबद्दल विचारताच त्याने ‘कॅन्सर’ म्हटलं आणि समोरच्या माणसाचा पुढचा प्रश्नच आला नाही. ‘कळवतो’ म्हणाले. समुपदेशकाच्या मते लपवाछपवी पुढे त्रास देते. माझ्या मते इथे लपवाछपवीचा प्रश्नच नाही. मालकाला गरज आहे ती काम कसं होईल या माहितीची, निदानाची नाही. आम्ही सराव करून घेतला: ‘मोठं ऑपरेशन झालं होतं, उपचार पूर्ण झाले, हे डॉक्टरांचं पत्र. गुडघ्यात इम्प्लांट आहे, जड उचलत नाही. कानाला यंत्र आहे, महत्त्वाचं बोलणं समोरासमोर किंवा लिहून झालं तर चुका होत नाहीत.’ लेखी फॉर्ममध्ये जुन्या आजाराबद्दल थेट विचारलं असेल तर खोटं लिहायचं नाही, हेही ठरलं.

वागळे इस्टेटमधल्या पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात काम मिळालं. सगळं ठरल्यावर, रुजू व्हायच्या दोन दिवस आधी, अडलं कुठे तर संडासावर. मजल्यावर फक्त भारतीय पद्धतीचा होता आणि सुजयला उकिडवं बसता येत नाही. तो नोकरीच नाकारायला निघाला होता, कारण हे कोणाला सांगायचं कसं? शेवटी सरांनी कारखान्याच्या सुपरवायझरशी दोन वाक्यांत बोलून घेतलं. खाली ऑफिसच्या पाहुण्यांसाठी कमोड होता, त्याची किल्ली सुजयला मिळाली.

आजची स्थिती

नोकरी टिकली आहे. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू झाली, आणि या घरासाठी ती पगाराइतकीच मोलाची आहे, कारण तिथे आधीपासूनचा आजार म्हणून दार बंद होत नाही. खासगी आरोग्य विम्यात एप्रिल २०२४पासून अशा आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, तरी सांगितलेला हप्ता वडिलांच्या आवाक्यातला नव्हता.

गुडघा ९० अंशांच्या आसपास अडकला आहे आणि बहुधा तिथेच राहील. श्रवणयंत्रं कामावर लावतो, मित्रांत काढून ठेवतो. कानातला सूं आवाज आहेच. तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. नैराश्याची प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा गुण बरेच उतरले होते, पण सत्रं चालू ठेवली आहेत, आता मास्कशिवाय आणि मागच्या खोलीत. समुपदेशक म्हणतो, सुजयशी खरी ओळख तिथून पुढे झाली. मंडळाच्या सामन्यांना तो गुणलेखक असतो, पंचांच्या समोरच्या बाजूला टेबल लावून.

वेगळं काय करता आलं असतं

सिस्प्लॅटिन घेतलेल्या प्रत्येकाची श्रवणचाचणी उपचारांनंतर पुन्हा व्हायला हवी. सुजयच्या बाबतीत ती वेळेवर झाली असती तर बीपीओची नोकरी त्याने धरलीच नसती, किंवा चॅटचं काम मागितलं असतं. आता आमच्या पहिल्याच भेटीत औषधांची यादी बघितली जाते आणि त्यावरून कान, हृदय, मूत्रपिंड, हातापायांच्या मुंग्या यांबद्दल नेमके प्रश्न विचारले जातात. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न त्यानंतर.

घरच्यांखेरीज बाहेरच्या एका माणसाशी बोलणं हेही आता नेहमीचं आहे, मुलाची परवानगी घेऊन. आईवडील आजारी मुलाला सांभाळत असतात, त्यांच्या नजरेतून सगळं आजाराचंच दिसतं. जोडीदार खेळाडू, वर्गमित्र, क्लासचे सर यांना दुसरंच काही दिसतं.

एक गोष्ट मात्र मागे जाऊन दुरुस्त होणारी नाही. सिस्प्लॅटिन आणि इफॉस्फमाइडमुळे पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते, आणि मुलांच्या बाबतीत केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवून ठेवणं हा सोपा उपाय आहे. निदानानंतरच्या धावपळीत हा विषय निघाला होता. तो वडिलांकडे निघाला, आणि वडिलांनी ‘आधी जीव वाचू दे’ म्हणून तो मुलापर्यंत येऊच दिला नाही. अठरा वर्षांच्या, स्वतः सही करणाऱ्या मुलाला त्याबद्दल विचारलं गेलं नाही. सुजयला हे कळलं ते गेल्या वर्षी, मोबाइलवर काहीतरी वाचताना, आणि त्याने मला रात्री मेसेज केला. वीर्यतपासणी करून घे, चित्र स्पष्ट होईल, क्षमता शाबूतही असू शकते, असं मी सांगितलं. चिठ्ठी तयार आहे. तो अजून गेलेला नाही, आणि कधी जायचं हे त्याच्यावरच सोडलं आहे.